बायपासची चावी कोणी फिरवली

मी, हजेरी क्रमांक ४१७, वय वर्षे एकोणसत्तर, वीज केंद्रातला निवृत्त बॉइलर ऑपरेटर आणि शेवटची चार वर्षं पाळीप्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझ्या मेहुण्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून कोणी सही घेतलेली नाही. तशी सही मी आयुष्यात एकदाच केली आणि तिच्यामुळेच हा कागद लिहावा लागतो आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. असल्यास ते खोटं समजावं आणि मेहुण्याला विचारावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, खालची खोली आणि मागची मोरी, हे सर्व माझ्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी, माझी भावजय, हिला मिळावं. ती खालच्या खोलीत दोन मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. माझी पत्नी वारली, आम्हाला मूलबाळ नाही. मेहुणा म्हणेल, हे माझ्या बहिणीचं घर. त्याला सांगावं की बहिणीच्या शेवटच्या आजारपणात तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा नेमका जेवायच्या वेळेला आलास.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पुतणीच्या शिक्षणाला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. हत्यारं. पान्यांचा पूर्ण संच, बेअरिंगला टेकवून कानाने आवाज ऐकायची लोखंडी कांब, आणि भट्टीत डोकावताना डोळ्यांपुढे धरायची निळी काच, हे सर्व माझा मित्र, टर्बाईनवरचा निवृत्त फिटर, याला द्यावं. सगळे त्याला ‘भोंगा’ म्हणतात. पंचवीस वर्षं टर्बाईनशेजारी काढल्यामुळे त्याला ऐकू येत नाही आणि आपण ओरडतो आहोत हेही कळत नाही. माझेही कान अर्धे गेलेत, म्हणून आमचं जमतं. कांब त्याच्या काही कामाची नाही, पण दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तर तो माणूस ती खुर्चीखाली टाकून ठेवील.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी केंद्राने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ केंद्राला परत करावं. ते कपाटावर खोक्यातच आहे, मी त्यात एकदाही सेल घातलेला नाही. कोणत्याही शिपायाच्या हाती न देता ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवावं. त्या वेळचे साहेब आता वरच्या मोठ्या कार्यालयात बसतात. तिथवर जायला लागलं तरी जावं, गाडीभाडं मी देतो.

कलम ५. मेहुण्याला काही नाही. केंद्राने कोळसा सोडला तेव्हा कोळसा वाहणारा पट्टा भंगारात काढायचं कंत्राट या गृहस्थांनी पटकावलं, आणि आमची सत्तर माणसं घरी बसली त्या आठवड्यात नवी गाडी घेऊन दारात आले. पेढे नाहीत आणले एवढीच कृपा. अगदीच काही मागितलं तर दाराबाहेरचं पायपुसणं द्यावं. ते त्याच पट्ट्याच्या तुकड्याचं आहे.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. वकिलाने सांगितलं होतं की मृत्युपत्रात फक्त मालमत्ता लिहा, बाकीचं मनात ठेवा. अकरा वर्षं मनातच ठेवलं आहे.

कोळसा गेला म्हणून गळा काढणारा मी नव्हे. बायकोने जन्मभर दोरीवरचे कपडे दोन दोन वेळा धुतले. तिच्या छातीत काय साठलं होतं ते मी एक्सरेत पाहिलंय. कोळसा जायलाच हवा होता. गॅस आला, चांगलं झालं, राख गेली, धूर गेला. माझी तक्रार गॅसबद्दल नाही. ज्यांनी तीस वर्षांच्या कोळशाच्या माणसांना तीन दिवसांत गॅसची माणसं करून दाखवली, त्यांच्याबद्दल आहे. तीन दिवस! थंड हवेच्या खोलीत पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण, शेवटी प्रत्येकाच्या हातात प्रमाणपत्र. शिकवणारा पोरगेलासा इंजिनिअर होता, बिचारा जीव तोडून सांगत होता. आम्ही मागच्या रांगेत डुलक्या काढत होतो. हे मी त्यांच्या नावावर ढकलणार नाही, डुलक्या आमच्याच होत्या.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. कोळशाच्या भट्टीत आग विझली, तरी चारी भिंती लालबुंद असत. आम्ही वाट पाहत नसू. नवा कोळसा सोडला की त्या धगीवरच पेट घेई. याला आम्ही ‘भिंतीवर लावणं’ म्हणायचो. पुस्तकात तेही चूक होतं, पण सगळ्या पाळ्या तेच करत आणि साहेब लोक दुसरीकडे बघत, कारण त्याने वेळ वाचे. गॅसचं तसं नाही. ज्वाला विझली की आत न जळलेला गॅस साचतो. पाच मिनिटं नुसती हवा मारून तो बाहेर काढायचा, मगच पुन्हा पेटवायचं. तोवर व्हॉल्व्ह उघडतच नाही, अशी सोय असते. ती सोय बंद पाडणारी एक चावी असते, तिला बायपासची चावी म्हणतात. ती पाळीप्रमुखाच्या खिशात असते. पाळीप्रमुख मी होतो.

उद्घाटनाचा दिवस. बाहेर पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या, पाहुणे बाराला बटण दाबणार. सकाळपासून ज्वाला दोनदा गेली, दोनदा पाच पाच मिनिटं हवा मारली. बाराला वीस मिनिटं असताना तिसऱ्यांदा गेली. साहेबांचा फोन आला, “पाहुण्यांसमोर मीटर शून्यावर दिसला तर तुमची खैर नाही.” मी फोन ठेवतो तोच वरच्या मजल्यावरून, बर्नरजवळून, माझ्याच पाळीत असलेल्या धाकट्या भावाचा फोन.

“दादा, परत गेली. हवा मारायला घेऊ?”

“भिंत कशी आहे?”

“लाल आहे.”

“मग लाव भिंतीवर. मी चावी फिरवतो.”

“अरे दादा, तो शिकवणारा नको म्हणाला होता ना?”

“तो तीन दिवस आला होता. मी तीस वर्षं इथे आहे.”

“बरं, दादा,” तो म्हणाला.

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी चावी फिरवली, त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि भट्टीची त्याच्या बाजूची भिंत बाहेर आली. आमच्या आईने आम्हा दोघांना एका ताटात वाढवलं आणि मी त्याला असा मारला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल तयार करून आणला. ‘मयत कामगाराने वरिष्ठांना न विचारता स्वतः बायपास केला.’ चावी माझ्या पॅनेलमध्ये अडकलेली होती. पॅनेल तळमजल्यावर, भाऊ चाळीस फूट वर. चाळीस फुटांवरून तो चावी कशी फिरवणार, हे चौकशीला आलेल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही, कारण कोणालाही ते सुचायला नकोच होतं. साहेब म्हणाले, “हे बघा, गेलेल्या माणसाचं आता काही बिघडत नाही. तुमचं बिघडेल, केंद्राचं बिघडेल.” आवाज असा मऊ की जणू माझे पाय दाबताहेत. खाली तीन सह्या होत्या. तिसरी माझी आहे.

महिनाभराने भावजयीने मला विचारलं, “हे इतके बेफिकीर होते का हो, भाऊजी? घरात तर गॅसचं बटण दोन दोनदा तपासायचे.” मी म्हणालो, “घाई झाली त्याला.” त्या अहवालापेक्षा या तीन शब्दांची मला जास्त लाज वाटते. साहेबांवर मी अकरा वर्षं दातओठ खाल्ले, त्यांना मनातल्या मनात नको नको ते बोललो. पण ते तीन शब्द मला कोणी लिहून दिलेले नव्हते.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर कलम ६ ची एक प्रत कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात द्यावी, एक केंद्राच्या फाटकावरच्या फलकावर लावावी आणि एक भावजयीला टपालाने पाठवावी. अहवालातलं ते वाक्य खोडून घ्यावं. त्याचं नाव स्वच्छ व्हावं, एवढं एकच मला हवं आहे. बाकी सगळं गेलं चुलीत.

येथवर लिहून मी साक्षीदार म्हणून भोंग्याला बोलावलं. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला, आणि तो वाचतो ते मोठ्याने. मला त्याचं रोजचंच वाटलं. खाली मशीन थांबलं ते आम्हा दोघा बहिऱ्यांना कळलं नाही. मान वर केली तेव्हा भावजय दारात उभी होती, खांद्यावर टेप तशीच.

रडली नाही. म्हणाली, “म्हणजे तुम्ही गेल्यावर मला हे टपालाने कळणार होतं?”

मी भोंग्याच्या हातातला कागद काढून घेतला.

“अकरा वर्षं मी पोरीला सांगत आले, बाबांसारखी घाई करू नकोस. रस्ता ओलांडताना, परीक्षेला जाताना. तिच्या बापाचं नाव मी असं वापरलं, भाऊजी. तुम्ही इथे वर बसून ऐकत होतात.”

“घर तुझ्या नावावर...”

“घाला ते घर चुलीत! मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? कोण विचारणार तुम्हाला?”

भोंगा मध्येच ओरडला, “साक्षीदार अजून एक लागेल! पण ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही!” त्याला वाटत होतं आम्ही सह्यांबद्दल बोलतो आहोत.

ती म्हणाली, “मग मला काही नको. त्या अहवालाखाली तीन पुरुषांच्या सह्या होत्या. माझी कोणी मागितली नव्हती. यावर मी करणार.”

म्हणून दुरुस्ती, खाडाखोडीवर माझी सही आहे: कलम १ मध्ये भावजयीऐवजी पुतणी असं वाचावं. हे तिच्या आईने सुचवलेलं नाही, मी लिहिलं आहे. कलम ३ रद्द, भोंगाही साक्षीदार आहे म्हणून हत्यारं त्याला आजच हातात दिली. घराच्या बदलावर भावजय हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

कलम ७ रद्द. ते मृत्यूनंतर करायचं होतं. उद्या सकाळी दहा वाजता मी स्वतः निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊन हेच सांगणार आहे. पुढे माझं जे व्हायचं ते होईल. भावजय सोबत येणार आहे. माझ्याशी बोलत नाही, पण येणार आहे.

ठिकाण: माझ्या राहत्या घराची वरची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२२, सोमवार, दुपारी साडेतीन

सही: हजेरी क्रमांक ४१७

साक्षीदार पहिला: निवृत्त फिटर, टर्बाईन विभाग. सगळं मोठ्याने वाचून सही केली आहे.

साक्षीदार दुसरी: मयताची पत्नी, शिवणकाम. या कागदाने मला काहीही मिळत नाही. वरचा मजकूर मी ऐकला आणि मग स्वतः वाचला. चावी माझ्या नवऱ्याने फिरवली नव्हती. त्यांनी विचारलं होतं.