मी कालवलेला रंग

प्रिय भोंग्या,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, हाताला कंप आहे, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायांचं झालंय, तेवढं गोड मानून घे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला कायम गाडीतच घेतोस. आपलं बोलणं नीट रंगात येतं आणि मध्येच तू भोंगा दाबून कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करतोस, मग पुन्हा मऊ आवाजात, "हां बाबा, बोला." लहानपणी तोंडानं भोंगा वाजवत घरभर पळायचास म्हणून आम्ही तुला हे नाव ठेवलं, ते तू असं निभावशील असं वाटलं नव्हतं. मागच्या सीटवर बसून तुझ्या पोरीनं हे सगळं किती वर्षं ऐकलं असेल याचा मी परवा हिशोब करायला बसलो आणि अर्ध्यावर सोडून दिला.

परवा म्हणजे तुझा फोटो आला तेव्हा. गाडीचा पुढचा डावा कोपरा, आणि खाली तू लिहिलेलं: पार्किंगमध्ये खांबाला घासली म्हणते, घरच्या घरी काढता येईल का, हिची आई रविवारी परत येतेय, तिला कळायच्या आत करायचंय. त्याखाली आणखी एक ओळ, की माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते, तुम्हीच तिला गाडी चालवण्याबद्दल चार गोष्टी समजावून सांगा. लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झाले पोरीला. कुरियरवाला म्हणालाय की हे शुक्रवारी तुझ्या हातात पडेल, म्हणजे रविवारपर्यंत तुझ्याकडे दोन दिवस असतील.

आता तो फोटो. मी चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं, गाडीचा मार बघून मला कळतं तो कशाचा आहे. खांब जागचा हलत नाही, त्याला घासलं की एक सरळ ओरखडा येतो आणि खांबाचा रंग पत्र्याला लागतो. तुझ्या गाडीला लाल रंग लागलाय, मोटारीचा, चकचकीत. शेजारच्यांच्या पोराकडून फोटो मोठा करून घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. तिथे दोन मार आहेत, भोंग्या. पहिला लांब आणि उथळ, दोन गाड्या शेजारून जाताना एकमेकींना चाटून गेल्या की होतो तसा. तो कुणाच्याही चुकीनं होऊ शकतो. दुसरा त्याच्यावर बसलाय, आखूड आणि खोल, आणि त्यानं पहिल्याची रेघ मधोमध तोडली आहे. पहिला लागल्यावर कुणीतरी स्टीअरिंग मुद्दाम त्या लाल गाडीकडे वळवलं. आपल्या पोरीनं वळवलं. मला दुसरं काही वाटून घ्यायची फार इच्छा होती, म्हणून मी फोटो उलटासुलटा करूनही पाहिला.

तुला आपली जुनी गाडी आठवत असेल. पांढरी, पण उन्हानं पिवळट पडलेली. तुला लायसन्स मिळालं त्याच महिन्यात तू पहिला पोचा आणलास. सिग्नलला मागच्यानं भोंगा वाजवला म्हणून तू गाडी मागे घेऊन त्याला धक्का दिलास आणि वर मलाच अभिमानानं सांगितलंस. मी काय केलं? हसलो. पोराच्या अंगात पाणी आहे म्हणालो. तुझी आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून तीनला यायची, तिच्या आत मी पत्रा सरळ केला, खळग्यात लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. कंपनीचा पांढरा त्या उन्हानं भाजलेल्या रंगाशी जुळेना, म्हणून स्टीलच्या वाटीत चिमूटभर पिवळा आणि काळ्याचा एक थेंब घालून मी स्वतः रंग कालवला. असा बेमालूम जुळला की मीच चार वेळा हात फिरवून पाहिला. तो रंग जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता. उरलेला डबा झाकण घट्ट लावून फळीवर ठेवला आणि तुला डोळा मारून म्हणालो की पुढच्या वेळेची सोय झाली. तू किती हसला होतास.

पुढची वेळ आलीच. एकाला ओव्हरटेक करून त्याच्यापुढे कचकन ब्रेक मारलास, त्याला धडा शिकवायला, आणि मागून ठोकून घेतलंस. मग कुणाच्या तरी गाडीला बॉनेटचा कोपरा घासलास. दर वेळी आई यायच्या आत गाडी नवरीसारखी तयार. तिसऱ्या वेळी तिला वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी माझ्या शर्टाला थिनरचा वास आला. तुझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "पत्रा ठोकून सरळ करता हो, ह्याचं काय करणार?" मी तिच्यावर खेकसलो, तुझ्या कामात मी नाक खुपसतो का म्हणालो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज ती असती तर या पत्राची गरजच पडली नसती, तिनं तुला फोनवरच सोलून काढलं असतं.

पोरीला काय समजावू म्हणतोस? समोरच्या गाडीपासून अंतर ठेव. कुणी आडवा आला तर त्याला जाऊ दे, तो कुठे जाऊन काय मोठा पराक्रम करणार आहे. राग आला तर गाडी कडेला घे, पाणी पी. मागून कुणी घाई करत असेल तर बाजू दे. हे सगळं मी तुलाही सांगितलं होतं, तुझ्या बाजूच्या सीटवर बसून, एकदा नाही शंभरदा. सांगितलं आणि मग वाटीत रंग कालवला. तू त्यातलं कुठलं शिकलास ते मी पाहिलं आहे. तेव्हा माझ्या चार गोष्टींचा पोरीला काही उपयोग होईल असं मला खरंच वाटत नाही.

इकडची बातमी म्हणजे वर्कशॉपचं शटर मी कायमचं खाली ओढलं. कंप सुटलेल्या हातानं स्प्रे गन धरली की रंगाचे ओघळ येतात. सीट कव्हर शिवून देणारी बाई तुला आठवते का, गळ्यात कायम मापाची टेप घालून यायची आणि तू आलास की तुझ्या पोरीसाठी उरलेल्या कापडाची बाहुली करून आणायची? ती गेल्या महिन्यात गेली. मूलबाळ नव्हतं. शेवटचे आठ दिवस शेजारणी आणि मी आळीपाळीनं बसत होतो. चोवीस वर्षं माझ्याकडच्या एकूण एक गाडीची कव्हरं तिनंच शिवली, मी दुसऱ्या कुणाकडे काम जाऊ दिलं नाही. सगळ्यांना सांगायची, हा माणूस म्हणजे सोनं आहे, माझ्या वाईट दिवसांत पाठीशी उभा राहिला. माझ्यासमोर सांगायची. मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट, हिरवी सायकल. तू त्याला ओळखत नव्हतास, मी ओळखायचो, माझा चष्मा त्यानंच केलेला. आता त्या दुपारचं बोलू. तू एकोणीस वर्षांचा होतास. दोन वाजता तू गाडी वर्कशॉपमध्ये आणलीस, बॉनेटचा कोपरा आत गेलेला, दिवा फुटलेला. म्हणालास, फाटकाला लागली. तुझे ओठ पांढरे पडले होते. फाटक काय उंचीचं असतं आणि तो मार कुठल्या उंचीचा होता हे मला एका नजरेत दिसलं, पण मी फक्त एवढंच म्हणालो की आई यायला एक तास आहे, पाना दे. फळीवरचा डबा काढला. त्या दिवशी तो संपला.

संध्याकाळी समोरचा टायरवाला सांगत आला की चौकात एका पांढऱ्या गाडीनं सायकलवाल्याला कडेला दाबलं, त्यानं चिडून बॉनेटवर थाप मारली, गाडी पुढे गेली, आणि मग वळून परत आली. नंबर कुणी पाहिला नाही. वळून परत आली, हे तो दोनदा म्हणाला. तू त्याला मारायला परत गेला नसशील. घाबरवायला, अद्दल घडवायला गेला असशील, जवळून कट मारून निघून जाऊ म्हणून. तुझा बाप आहे, मला तुझा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पोलीस सगळ्या गॅरेजमधून विचारत फिरले, दिवा फुटलेली पांढरी गाडी आली होती का. माझ्या तोंडून नाही इतकं सहज निघालं की मलाच माझी भीती वाटली.

चौथ्या दिवशी ती बाई सायकल ढकलत माझ्याकडे आली. नवरा दवाखान्यात बेशुद्ध होता. उठले की आधी सायकल कुठे आहे विचारतील, तेवढी सरळ करून ठेवा म्हणाली. मी सायकल उलटी करून स्टँडवर चढवली. मागच्या मडगार्डवर नखाएवढा रुंद पांढरा पट्टा होता, जरासा पिवळट, काळ्याच्या एका थेंबाचा. त्या माणसानं घासलेल्या काचांतून मी माझा रंग ओळखला. ती बाजूच्या स्टुलावर बसून तो कसा हळूहळू बरा होईल ते सांगत होती, आणि मी तिच्यासमोर फडकं थिनरमध्ये बुडवून तो पट्टा पुसून टाकला. ती म्हणाली, "एवढं कशाला हो, चकचकीत नसली तरी चालेल." दोन दिवसांनी मी तुला मामाकडे धाडलं, तिकडे नोकरी बघ म्हणालो. आईला वाटलं तुझं नशीब उघडलं.

आपण दोघं यावर कधी एक शब्द बोललो नाही. तुला वाटतं, मला फाटकाची गोष्ट पटली. मला इतकी वर्षं वाटत आलंय की तो माणूस पडला, उठला आणि कपडे झटकून घरी गेला अशी तू स्वतःची समजूत घातली असशील, आणि तुझी ती समजूत मी पोसली. तो एकोणिसाव्या दिवशी गेला, भोंग्या. शुद्धीवर आलाच नाही. घरात बघवत नाही म्हणून ती सायकल बाई माझ्याकडेच ठेवून गेली आणि ती वर्कशॉपच्या आकड्यावर टांगलेली राहिली. तुझी पोर सुट्टीत आली होती, आठ-नऊ वर्षांची, तिनं तीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. नाही म्हणायला मला कारण सुचेना. ती त्या सायकलवर शिकली, आणि तू मागून सीट धरून तिच्याबरोबर अंगणभर पळत होतास. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभा होतो. तू ओळखली नाहीस.

त्या बाईला खरं सांगायचं म्हणून मी कितीदा तरी तिच्या दारापर्यंत गेलो आणि दर वेळी शिवायला एक कव्हर देऊन परत आलो. आता सांगायला तीही उरली नाही. पोलिसांकडेही गेलो होतो, मागच्या आठवड्यात. काउंटरवरच्या साहेबांनी पाणी दिलं, एवढ्या जुन्या गोष्टीचे कागदही मिळायचे नाहीत म्हणाले, आणि घरून न्यायला कुणी येईल का विचारलं. त्यांना मी भ्रमिष्ट वाटलो. मी घरी आलो, आणि चार दिवसांनी तुझा फोटो आला, आईला कळायच्या आत. म्हणून हे लिहिलं. तो कोपरा घरी निघणार नाही, पण कुठल्याही वर्कशॉपमध्ये दोन तासांत निघेल, आता रंग कालवावाही लागत नाही, मशीन जुळवून देतं. हे वाचूनही तू शनिवारी गाडी तिथे नेशील असंच मला वाटतं, मीही नेली असती. नेण्याआधी पोरीला समोर बसवून एवढंच विचार, की त्या लाल गाडीत कोण होतं आणि तो माणूस घरी पोचला का. मी तुला ते विचारलं नव्हतं.

तुझं सगळं झाकत आलेला, तुझाच,
बाबा