घरी शिकणारी तुमची नात

बाबा, तुमच्या नातीचं नाव मी शाळेतून काढलं. तुम्ही समोर असता तर हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती तुमच्या माघारी झाली, पण वाचताना बसायची ढब तुमचीच आहे, एक पाय दुमडून त्यावर पुस्तक. दहा वर्षांची झाली. घरीच शिकते, मीच शिकवते. हे नुसतं लिहितानाही वाटतं की वरवटच्या आपल्या ओसरीवर तुम्ही मला गावासमोर उभं केलंय आणि मी आपली खाली पाहते आहे.

दुसऱ्या कुणाच्या लेकीनं हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, ज्याचं त्याला ठाऊक. पुण्याकडचे लोक करतात म्हणे, हौसेनं करतात, त्याचे फोटोही टाकतात. पण आपल्याकडे? आपल्याला देऊळ नव्हतंच, शाळा हेच देऊळ होतं. आजोबा दुसऱ्याच्या वावरात सालदार राहिले, स्वतः उपाशी राहिले, पण तुमची शाळा एक दिवस चुकू दिली नाही. आणि मास्तर झाल्यावर तुम्ही त्याची परतफेड केल्यासारखे जून लागला की गावभर फिरायचात, शाळेत न येणारी पोरं गोळा करायला. मला सोबत न्यायचात. तुम्ही ओट्यावर बसायचात आणि मी सरळ चुलीपर्यंत जायची, कारण लहान पोरीला कोण अडवतं? एकदा मी एका घरात आतूनच ओरडले होते, "बाबा, हे पाहा, इथं पोत्यामागं लपली!" आणि टाळ्या पिटल्या. ती पोरगी रडायला लागली. वाटेत तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "लपलेल्या पोरीले बोट दाखवून बाहेर काढत नसतात बाई. तिच्याजवळ जाऊन बस. मंग ती येतेच." मी फुगून बसले होते दिवसभर. तुम्ही मला फार कमी रागावलात, म्हणून तेवढंच लख्ख आठवतं.

का काढलं ते सांगते, पण सांगताना माझी बाजू मांडते आहे असं समजू नका, मांडायला मला जमतही नाही. आधी तर मी तिला इंग्रजी शाळेत घातलं होतं, तालुक्याच्या. जिल्हा परिषदेच्या मास्तरची लेक, तिथंच शिकलेली, आणि स्वतःच्या पोरीला टाय बांधून पिवळ्या बसमध्ये बसवते! ती लाज वेगळी, तिचा हिशोब नंतर घ्या. दुसरीपासून पोरगी सकाळी बस यायच्या वेळेला ओकायला लागली. रविवारी काही नाही, सोमवारी पुन्हा सुरू. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. एक दिवस डबा विसरली म्हणून मी शाळेत गेले, तर ही तिच्या वर्गात नव्हती. पहिलीच्या लहान लेकरांत बसवली होती, त्यांच्या छोट्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले. वाचता येत नाही म्हणून म्हणे, येईपर्यंत तिथंच बसायचं. अक्षरं तिच्या डोळ्यासमोर सरकतात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तिनं मला खिडकीतून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी तिथूनच तिला घरी घेऊन आले, बाबा. मग गावातल्या जिल्हा परिषदेत घालून पाहिलं. तिथले सर भले माणूस, पण गणवेश अंगावर चढला की पोरगी पुन्हा ओकायची. शेवटी तिचे वडील म्हणाले, "राहू दे घरी. आधी पोट्टी जेवली पाहिजे, मंग शिकंल." ते पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. जळलेली मोटार आधी थंड होऊ देतात आणि मगच उघडतात, तसंच काहीसं त्यांच्या डोक्यात असावं.

माझं डी.एड. झालेलं, नोकरी कधी लागलीच नाही. म्हटलं, चला, एक तरी विद्यार्थी मिळाला. मोबाइलवर घरी शिकवणाऱ्या आयांचा एक गट सापडला. त्यांच्या घरात पोरांसाठी वेगळी खोली, लाकडी मणी, रंगीत तक्ते, खिडकीत झाड. मला वाटलं, पोरगी शिकायची तर हे सगळं पाहिजे. फोनिक्सची, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या आवाजांची कार्डं मागवली, त्यावर इग्लू आणि ध्रुवीय अस्वल. गणिताची पेटी मागवली, तिचं सूचनांचं पुस्तक पेटीपेक्षा जड. आणि शेवटी त्या सगळ्या बाया ज्याची तारीफ करत होत्या तो निसर्ग-संच मागवला. किंमत सांगत नाही, तुम्ही उठून बसाल. घरात तेव्हा कापूस वेचून आणलेला, पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग, आम्ही सगळे तिथूनच वाट काढत मागं जायचो. मी त्या ढिगाला पाठ लावून खोकं उघडलं. आत काय असावं? प्लास्टिकच्या पाकिटात एक कापसाचं बोंड. तूर, ज्वारी, सोयाबीनचे चार-चार दाणे. आणि एका काचेच्या कुपीत माती, वर चिठ्ठी, काळी माती. मी खोकं पटकन बंद करायला गेले, पण सासूबाई मागंच उभ्या होत्या.

"मायबाई! माती इकत आनली?" त्यांनी कुपी उजेडाला धरली. "काऊन वं, आपल्या वावरातली सरली काय?" मग त्यांनी लेकाला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. ते बोंड त्यांनी ढिगाशेजारी धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आन हे तर कवडीचं बी नाही, किडकं हाय." सगळे हसले. पोरगी इतकी हसली की कापसात जाऊन पडली. किती महिन्यांनी हसत होती. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. शेजारीण गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या, "मातीचं जाऊ दे. पन पोट्टीले शाळेतून काढाव, हे मले काही पटलं नाही. आमाले कोनी जाऊ देलं नाही, म्हून माहा अंगठा राह्यला. तू त शिकेल हायेस. आपल्या लोकायनं असं कराव काय?" त्यांच्या मागं भिंतीवर तोच फोटो, जो आपल्याही घरात होता, निळा कोट, हातात पुस्तक. मी उठून भाकरी टाकायला गेले.

आता खोकी माळ्यावर आहेत. शिकवणं चुलीपाशी चालतं. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी, सगळं घर भांडी भरण्यात. सोयाबीन निघायच्या दिवसांत दुपार जाते. सासूबाईंच्या गोळ्या, ह्यांचा डबा, ढोरांचं पाणी, आणि मधेच "आई, हे काय लिहिलंय?" मी पीठ मळता मळता सांगते, कधी खेकसतेही. बाबा, तुम्ही चाळीस पोरांवर खेकसला नाहीत आणि मी एकीवर खेकसते. बालभारतीची साधी पुस्तकं घेतली शेवटी. ओळीखाली पट्टी धरून वाचते ती. पट्टी धरली की अक्षरं थांबतात म्हणते. हळू वाचते, पण वाचते. खताच्या पोत्यावरचं वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते. परवा आजीला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून सांगितली, आणि आजी पदराला डोळे पुसत म्हणाली, "वाचते वं माय!" तरीही त्यांचं मत काही बदललं नाही. मुक्त शाळेची परीक्षा द्यायची आहे पुढं. ओकारी गेली. गाल भरले. सांगण्यासारखं सगळं आहे, आणि तरी मी कुणाला सांगत नाही.

लपवते. नातेवाइकांत लपवते, लग्नात लपवते, जयंतीच्या मिरवणुकीत लपवते. कुणी विचारलं, कितवीत? तर मी सांगते, पाचवीत, बुलढाण्याला मावशीकडे असते, सुट्टीत आली. खोटं एकदा चालायला लागलं की त्याला पाय फुटतात. मावशीचं घर कुठं, शाळा कोणती, सगळं तयार आहे माझ्याकडे. आणि हिवाळ्यात एके सकाळी दारात एक मॅडम उभ्या राहिल्या, नव्यानं लागलेल्या, खांद्याला पिशवी, पायात धुळीच्या चपला. शाळाबाह्य मुलांची पाहणी होती. शाळाबाह्य. तुम्हाला तो शब्द सहन व्हायचा नाही, कुणी उच्चारला की म्हणायचात, "पोरगं बाहेर नसते रे, आपणच पोचलो नसतो." तो शब्द माझ्या दारात आला होता आणि माझ्या पोरीचा पत्ता विचारत होता. मी मागं वळून पोरीला नुसतं डोळ्यांनी खुणावलं, आणि ती, शहाणी, पट्टी आणि पुस्तक घेऊन कापसाच्या ढिगामागं गेली.

मॅडमना मी चहा दिला. मावशीची गोष्ट सांगितली. सासूबाई बाजेवर होत्या, ज्यांना हे काही पटत नव्हतं, त्याही म्हणाल्या, "हाव, बुलढान्यालेच हाये." घराची अब्रू म्हणून बोलल्या, मला कळलं. मॅडमनी भिंतीवरचे पाढे पाहिले, म्हणाल्या, "शिकवणी घेता वाटतं तुम्ही? छान!" मी हो म्हटलं. त्या इतक्या सरळ होत्या बाबा, की खरं सांगितलं असतं तर चार गोष्टी विचारून समजून घेतल्या असत्या, मदतही केली असती. त्या गेल्यावर मी ढिगामागं गेले. पोरगी तिथं बसून वाचत होती, केसांत कापूस. म्हणाली, "आई, त्या मॅडम मारतात काय?"

"नाही गं. चांगल्या होत्या."

"मंग मले काऊन लपवलं?"

मी तिच्या केसांतला कापूस काढत राहिले. ती म्हणाली, "तुले माही लाज वाटते काय?" मी म्हटलं, वेडी झालीस काय, असं बोलतात का. तिला जवळ घेतलं, मुके घेतले. पण 'नाही' हा साधा शब्द मी उच्चारला नाही. तिच्याही ते ध्यानात आलं असणार. ती ओळ हळू वाचते, माणूस लवकर वाचते.

त्या दिवशी मी ठरवलं की आता बस. पुढच्या वेळी कुणी विचारलं की सरळ सांगायचं, शाळेत तिला त्रास झाला, आम्ही घरी शिकवतो, छान शिकते. भाकरी थापताना हे मी पाठ केलं, मुलाखतीला जायचं असल्यासारखं. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी मोताळ्याला गेलो होतो, तिच्या आधार कार्डाच्या कामाला. स्टँडवर एक म्हातारी आमच्या बाजूला टेकली. पोरीला मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली पाहून तिला कौतुक वाटलं. "कितवीत हायेस वं माय?" तिनं पोरीलाच विचारलं. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पाचवीत. बुलढाण्याले, मावशीकडे राहते. सुट्टीत आली." कुठं अडखळली नाही. माझ्याच आवाजात, माझ्याच चालीत. म्हातारी म्हणाली, "हुशार हाये वं तुही पोट्टी." आणि पोरीनं पुस्तकाखालून माझा हात दाबला, घाबरू नको असं सांगितल्यासारखा.

बाबा, शाळेत तिला काही आलं नाही, हे खोटं मात्र ती माझ्याकडे शिकली. सगळं घरीच शिकवते मी. तिला मी अजून काही बोललेले नाही, रागावले नाही, माफीही मागितली नाही. आणि आणखी एक आहे, ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहिते. ती तसं बोलली तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, बसमध्ये बसल्यावर.