मधला गोळा

२ जानेवारी, शुक्रवार
आजपासून संग्रहालयात मला सूर्याचं दालन पुसायला दिलंय. खालच्या सांगाड्यांपेक्षा बरं. तिथे वाकून फरशी पुसताना ते मेले टक लावून बघतात! इथे नुसतं पितळ. घासून घासून हात गेले.

४ जानेवारी, रविवार
लेकीचा फोन. तिथे उत्तरेला भरदुपारी अंधार. सूर्याचा अभ्यास करायला गेली आणि जिथे तो हिवाळाभर उगवतच नाही तिथे जाऊन बसली! म्हणते, "आई, तो भडकला की त्याचे रंग इथल्या आभाळात उतरतात. जाऊ दे, तुला नाही कळायचं."
नाही तर नाही. मला एवढंच कळू दे — महिनाअखेरीला नोकरीचा करार संपतो, मग येतेस की परत सही करतेस? पण विचारीपर्यंत ह्यांनी फोन घेतला आणि "जेवलीस का, जेवलीस का" करत बसले.

७ जानेवारी, बुधवार
पार शोभा झाली!
दालनात दोन मांडण्या आहेत. एकीत मधे पृथ्वी, सूर्य तिच्याभोवती. दुसरीत मधे सूर्य. गोळे काढून पुसले. पहिली बघून वाटलं, कुणा गाढवाने उलटं लावलंय. एवढं तर मीही शाळेत शिकले! नीट करून ठेवलं. दुपारी पोरं आली. गाइडबाई सांगतायत, "पूर्वी लोकांना वाटायचं, मधे पृथ्वी आहे," आणि बोट सूर्यावर! पोरं खिदळली.
"मावशी, ती चूक मुद्दाम मांडलीय हो!"
"चूक मांडायचीच कशाला?"
"हजारो वर्षं लोक तसंच समजत होते म्हणून."
समजणारच. दारात उभं राहिलं की तोच येतो, तोच जातो. आपण कुठे हलतो?

१४ जानेवारी, बुधवार
गाइडबाईंचा राग गेला. चहा पिता पिता पुढचं सांगितलं. कुणी त्याला देव म्हणालं, कुणी तापलेला दगड, कुणी कोळसा. कोळसा असता तर कधीच विझला असता! मग एका बाईने शोधलं, तो बहुतेक सगळा हलक्या वायूचा. मोठे साहेब म्हणाले, शक्यच नाही. तेव्हा तिनेच लिहून दिलं, माझं काहीतरी चुकलं असणार. आणि बरोबर तीच होती! असा संताप आला.
तीही म्हणे घर सोडून समुद्रापलीकडे गेलेली. तिच्या आईचं पुढे काय झालं, विचारलं. गाइडबाईंना माहीत नाही. भिंतीवरही कुठे लिहिलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
फोन नाही.
तिची खोली झाडली. गादी गच्चीत टाकली. हे म्हणाले, "ती येणार असं ठरलंय का?" म्हटलं, गादी ऊन खातेय, तुमचं काय जातं?

२१ जानेवारी, बुधवार
अवेळी फोन. धावत जाऊन उचलला. तर ही ओरडतेय — "आई, आला! आज आला!" सगळा गाव टेकडीवर जमलेला. डोंगराआडून नखाएवढी कड दिसली, की गेला. "मी रडले गं. मग पाय इतके गारठले, पळतच घरी आले."
घरी म्हणाली. सहज.
म्हटलं, कर सही.