पाचव्या दिवसाचे टाके

वडीगोद्री,
शुक्रवार

प्रिय कारभारी,

फोन न करता पत्र लिहून राह्यलो म्हणून नवल करू नको. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, मंग मी ओरडतो, मंग माझ्या दुकानासमोरचा अख्खा रस्ता ऐकतो, आणि तिकडून तुझा पोरगा सांगतो, चाचा, बाबा म्हणतात जेवण झालं. मी विचारलेलं असतं भलतंच. एवढ्या मोठ्या पुण्यात कानाचा एक डॉक्टर तुला सापडत न्हाई का? ते असू दे. हे पत्र मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाच. पोराला वाचून दाखवायला लावू नको.

परवा दवाखान्याच्या आशा सेविका बेबीनंदा ब्लाउज शिवायला टाकायला आल्त्या. त्यांनी सांगितलं की तू तुझ्या पोरीला, शालूला, इथल्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरची नोकरी सोडायला लावून राह्यलास. म्हणालास, भावाकडं पुण्याला ये, एकदा का गावात डॉक्टरचं नाव खराब झालं की मंग काही खरं न्हाई. पोरीनं राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय, महिनाअखेरीला देणार म्हणे. त्यावर मला सांगायचंय. ज्या चेहऱ्यावरून तिचं नाव खराब झालं तो माझ्या नातीचा चेहरा आहे. तेव्हा काय झालं ते पहिल्यापासून ऐकून घे आणि मंग तुझ्या पोरीनं कुठं राहायचं ते ठरव.

रमजानचे दिवस होते. ईद दहा दिवसांवर आलेली, दुकानात कपड्यांचा ढीग, मला मान वर करायला सवड न्हाई. इमरान आणि सून जालन्याला कामाला, त्यामुळं सबा आमच्यापाशीच असते, तुला माहीत आहे. नऊ वर्षांची झाली, पण चालणं तिला ठाऊक न्हाई, पळतच येते. त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जायचं म्हणून मी शटर अर्धं ओढलं. त्याच्या खालच्या कोपऱ्याचा पत्रा कधीचा उचकटलेला होता, पक्कड घेऊन वाकवायचा तर आज करू, उद्या करू, असं चाललेलं. ही शाळेतून चित्रकलेचा कागद दाखवायला पळत आली, वाकून आत शिरायला गेली, आणि डोळ्याच्या कोपऱ्याच्या खालपासून अर्ध्या गालापर्यंत पत्र्यानं चिरलं. कारभारी, चेहऱ्याला किती रक्त येतं रे. मला वाटलं डोळाच गेला.

मंग मी जे केलं ते तूही केलं असतंस. तुझ्या वहिनीनं, कमरुन्निसानं, हळदीचा डबा आणला आणि मी मूठभर हळद त्या जखमेत भरली. वरून नव्या पॉपलिनची पट्टी फाडून बांधली आणि हॉटेलवाल्या तातेरावच्या मोटारसायकलवर बसून दवाखाना गाठला. तुझ्या पोरीनं पट्टी सोडली आणि माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. नंतर टाके घालायला लागला त्याच्या दुप्पट वेळ तिला ती हळद धुऊन काढायला लागला. धुता धुता तिनं मला सांगितलं, आवाज न चढवता, की चाचा, घरात काही भरायचं न्हाई. धुतलेला कपडा घ्यायचा, जखमेवर दाबून धरायचा, दहा मिनिटं उचलून बघायचं न्हाई आणि सरळ यायचं.

टाके घालायच्या आधी तिनं एक गंमत केली. पोरगी रडून राह्यली, गालावर रक्त, आणि शालू तिला म्हणते, सबा, डोळे गच्च मीट. आता भुवया वर कर. आता दात दाखवून हस. मला राग आला, ही काय हसवायची वेळ आहे का. सबा हसली पण, रडत रडत, दोन्हीकडून सारखी. तेव्हा शालूच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. म्हणाली, चेहऱ्याची नस शाबूत आहे. मंग तिनं जखमेचा फोटो जालन्याच्या मोठ्या सर्जनला पाठवला, फोनवर बोलली आणि म्हणाली, हे माझ्याच्यानं होईल, हिला हलवायची गरज न्हाई. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, धनुर्वाताचं दिलं आणि वाकडी सुई हातात घेतली.

मी पंचेचाळीस वर्षं सुई धरून राह्यलो. जालन्यातल्या वकिलांचे कोट शिवले, नवरदेवांच्या शेरवान्या शिवल्या. कुणाच्या शिवणीला मी सहजासहजी चांगलं म्हणत न्हाई, माझ्या उस्तादलाही मनातल्या मनात नावं ठेवली होती. पण त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा होतो आणि बघून राह्यलो. केसाएवढा धागा. नऊ टाके, दोन टाक्यांमधलं अंतर बराबर सारखं, गाठी सगळ्या एका बाजूला, ओढ इतकी की कडा जुळाव्यात आणि चुण्या पडू नयेत. चुणी न पाडता ओढ देणं आयुष्यभर शिवून लोकांना जमत न्हाई, कारभारी. माझी छाती फुगली. बाहेर येऊन तातेरावला म्हणालो, ही माझ्या दोस्ताची पोरगी आहे, लहानपणी माझ्या दुकानात बसून तुरपाई शिकली आहे. तुझ्या वाट्याचं श्रेय पण मीच घेतलं.

तिनं जाताना सगळं बजावलं. एक दिवस कोरडं ठेवा. दुसऱ्या दिवसापासून उकळून थंड केलेल्या पाण्यानं टिपायचं, मलम पातळ लावायचं, खपली धरू द्यायची न्हाई आणि धरली तर उचकटायची न्हाई. सुरमा न्हाई, पावडर न्हाई, हळद बिलकुल न्हाई. डोक्याखाली दोन उशा. आणि पाचव्या दिवशी टाके काढायला आणा, चेहऱ्याचे टाके जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच वण उठतात. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं.

मी नेलं न्हाई. आता तुला खरं सांगायचं तर ईदच्या कामाची सबब होती, पण खरं कारण ते न्हाई. मला पटलंच न्हाई. मी शिंपी. माझ्या हिशेबानं धागा जितका राहील तितका जोड पक्का, आणि पाच दिवसांत उसवला तर गाल उघडा पडणार. वाटलं, पोरगी शिकलेली आहे पण वयानं कोवळी आहे, पुस्तकातलं बोलून राह्यली. कमरुन्निसाला मी सांगितलं की डॉक्टरनं पुढची तारीख दिली. बेबीनंदा दोनदा निरोप घेऊन आल्त्या, त्यांना सांगितलं की सबा नानीकडं बदनापूरला गेली. रोजा धरून खोटं बोललो. तुझी वहिनी आतून सगळं ऐकत होती, ती माझ्याशी चार दिवस धड बोलली न्हाई.

पण शालू दर ईदला शीरखुर्मा प्यायला आमच्या घरी येते, तिची आई, आपल्या नंदावहिनी, हयात असताना त्यांचं बोट धरून यायची तशी, हे मी विसरलो. ईदच्या दुपारी ती आली आणि नवा फ्रॉक घातलेली सबा दारातच उभी, गालावर नऊच्या नऊ टाके. शालूनं वाटी तशीच खाली ठेवली. गाडीच्या डिक्कीतून पेटी काढली, साबणानं हात धुतले, सबाला अंगणातल्या उजेडात बसवलं आणि एकेक टाका काढला. खालच्या टोकाला थोडा पू होता, तो साफ केला. टाके निघाले आणि मी बघितलं तर प्रत्येक टाक्याच्या जागी आडवी लाल रेघ. शिडी काढल्यासारखी. सबानं आरसा मागितला. कमरुन्निसानं दिला न्हाई, म्हणून पोरगी समजली आणि तोंड फिरवून बसली.

शालू माझ्यावर चिडली न्हाई. तिनं मला माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाली, चाचा, तुम्ही कोट शिवताना आधी कच्चा टाका घालता ना, आणि पक्की शिवण झाली की तो ओढून काढता. हा माझा कच्चा टाका होता. पक्की शिवण आतून कातडीच घालते आणि चेहऱ्यावर ती पाच दिवसांत घालते. कारभारी, कच्चा टाका कोटावर ठेवून मी गिऱ्हाईक पाठवलं तर लोक मला हसतील. तेच मी माझ्या नातीच्या गालावर केलं होतं.

त्यानंतर ती पोरीमागं लागली ती आजपर्यंत. आधी कागदी पट्ट्या लावल्या. जखम पुरी भरल्यावर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं व्हॅसलिन लावून बोटानं हलकं चोळायला शिकवलं. एप्रिल-मेचं ऊन तुला माहीत आहे. त्या उन्हात वण काळा पडतो म्हणून उन्हाचं मलम आणि डोक्याला ओढणी, त्याशिवाय सबाला उंबरा ओलांडायची मनाई. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातून परतताना गाडी आमच्या दारात उभी. आज आठ महिने झाले. रेघ आहे, खोटं बोलणार न्हाई, पण बारीक आणि फिकी. आडव्या खुणा जवळून बघितल्या तरच दिसतात. वर्षभरात आणखी मिटतील म्हणते. सबा आता आरसा मागत न्हाई, पळता पळता कधीतरी बघते.

आणि मागच्या महिन्यात काय झालं ते ऐक. शाळेत एका मुलीचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटून फुटलं. खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई हळद घेऊन धावल्या. सबानं त्यांचा हात धरला, धुतलेला रुमाल मागितला, दाबून धरला आणि वर्गाला घड्याळाकडं बघायला लावलं. दहा मिनिटं कुणाला उचलू दिलं न्हाई. गुरुजींनी मला बोलवून सांगितलं. मी घरी येईपर्यंत चार जणांना थांबवून सांगितलं. अशी पोरगी तुझ्या पोरीनं तयार केली.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. गावात शालूचं नाव कुणी खराब केलं हे तू तिला विचारलंस, ती बोलली न्हाई. दवाखान्याच्या वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा टाके उशिरा निघाले एवढंच म्हणाली, कुणामुळं ते सांगितलं न्हाई. कारभारी, ते मी केलं. ईदच्याच संध्याकाळी तातेरावच्या हॉटेलवर लोकांनी सबाच्या गालाचं विचारलं, आणि माझी चूक सांगायला माझी जीभ वळली न्हाई. मी म्हणालो, कारभारीच्या पोरीनं माझ्या नातीचा चेहरा बिघडवला. तेवढं एक वाक्य. ते अंबडपर्यंत गेलं, तुझ्यापर्यंत आलं. लोक लेकरं घेऊन तिच्या दारावरून पुढं जालन्याला जायला लागले, आणि मला कळूनही मी आठ महिने गप्प बसलो. ती त्या आठ महिन्यांत माझ्या घरी येत राहिली, तिला सगळं माहीत असताना. बेबीनंदानं तिला विचारलं होतं, तू खरं सांगून मोकळी का होत न्हाईस. ती म्हणाली, आई गेल्यावर माझ्या बाबांना एकच दोस्त उरलाय, या वयात दुसरा मिळायचा न्हाई. हे मला परवा कळलं. आज जुम्म्याची नमाज झाल्यावर मी सबाचा हात धरून तातेरावच्या हॉटेलवर उभा राहिलो आणि सगळ्या गर्दीसमोर, हळदीपासून ईदपर्यंत, माझं मीच सांगितलं. पोरीनं आपली दोस्ती जपली, ती ठेवायची का मोडायची ते तू बघ, मी काही मागत न्हाई. पण शालूला पुण्याला बोलावू नको. तिला सांग, खणातला तो राजीनाम्याचा कागद फाडून टाक.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
गयासोद्दीन