निळा हापसा

जालना,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. दुर्गामावशीस,
शिवकन्येचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? रामकिसनदादाची तूर निघाली का? मी इकडे बरी आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तीन दिवसांत नीट जेवले नाही. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि निम्मी गल्ली ऐकते. हे आधी एकटीनं वाच.

काल मी तुला म्हटलं, नातीला, तृप्तीला, हापशाचं पाणी पाजू नका, स्वयंपाकालाही विकतच्या जारचंच घ्या. तू कारण विचारलंस आणि मी फोन ठेवला. आता सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या आमिरनं तुमच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी पुन्हा तपासायला नेलं. त्यात फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यानं दात डागाळतात, हाडं वाकतात, आणि उकळून ते जात नाही. दोन वर्षांपूर्वी मी आणलेला नमुना मात्र एकदम चांगला होता. त्याच अहवालाच्या भरवशावर मी हापशाला निळा रंग दिला, म्हणजे खुशाल प्या. तू त्याला हळदीकुंकू लावलंस आणि जार बंद केलास. तुझं बघून बावीस घरांनी बंद केला. तृप्ती तेव्हा वर्षाची होती.

साहेब म्हणाले, पहिल्या वेळी प्रयोगशाळेनं घोळ घातला असेल. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

मग शनिवारी फोनवर तुला त्या पहिल्या नमुन्याचं सहज विचारलं, तर तू हसत म्हणालीस, "अगं, तव्हा म्या जारचंच भरून दिल्तं. तुह्या सायबाला आमचं मचूळ पाणी कशाला? पाव्हण्याला आपण कधी हापशाचं देतो का?"

मावशी, तुझा यात काडीचा दोष नाही. पाहुण्याला चांगलंच द्यायचं, एवढंच तुला ठाऊक. नियम मला ठाऊक होते. हापसा पाच मिनिटं चालवायचा, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, मग आपल्या हातानं भरायची. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. तू बाटली माझ्या हातातून घेतलीस, म्हणालीस, "तू बस, दमून आलीस." मी पंख्याखाली बसले, चहा प्याले, आणि कागदावर 'नमुना स्वतः घेतला' असं लिहून सही केली.

इथवर लिहून थांबणार होते. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

तुमचा हापसा किती करकरतो, पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जातं. तू बाटली भरून आणलीस तेव्हा तो आवाज आलाच नव्हता. हे मला तेव्हाच, कप हातात असतानाच कळलं. तरी मी चहा पीत राहिले. तू शेजारच्या बाईला सांगत होतीस, "आमची शिवकन्या म्याडम झाली," आणि मला ते गोड लागत होतं. मला स्वतःची लाज वाटते, मावशी. दोन वर्षं ते पाणी तृप्तीच्या पोटात गेलं. तिचे पक्के दात अजून हिरडीत तयार होतायत, म्हणून आजपासून बंद केलं तर बरंच काही वाचेल. सगळंच वाचेल, असं मी सांगू शकत नाही.

आज सकाळी साहेबांना खरं लिहून दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. गुरुवारी मी हापशाला द्यायला लाल रंगाचा डबा घेऊन येते, म्हणजे पिऊ नका. गल्लीतल्या बायकांना बोलावून ठेव, मी तुझ्या ओट्यावर उभी राहून सगळ्यांसमोर सांगीन. तुझं नाव घेणार नाही. त्या मला काय बोलायचं ते बोलू देत, तू मध्ये पडू नकोस.

आणि घरात आल्यावर मला जारचं पाणी देऊ नकोस. तुम्ही दोन वर्षं प्यालात तेच दे.

पाहुणी नसलेली,
शिवकन्या