पहिल्या रांगेतला ट्रम्पेट

४ जानेवारी
लिहायचं कारण: परवा मी वाद्यांच्या दुकानात ट्रम्पेटचे भाव विचारून आले, आणि घरातून निघताना मी "फक्त माउथपीस बघून येते, बाकी काही नाही" असं म्हणाले होते, असा ह्यांचा दावा आहे. मी असं म्हणाले नव्हते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी मी काय म्हणाले हे हेच मला सांगतात. यापुढे नोंद माझ्याकडे राहील.

तर नोंद. कॉलेजच्या वर्धापनदिनाला, २२ फेब्रुवारीला, आमचा जुना मुलींचा बँड पुन्हा उभा राहणार. एकच मार्च वाजवायचा. बँडमास्टर सर शहाऐंशी वर्षांचे झाले, पण तालीम तेच घेणार. कॉलेजात तीन वर्षं पहिल्या रांगेत मध्यभागी ट्रम्पेट माझा होता. ती जागा माझी आहे. क्लॅरिनेटवालीने फोनवर विचारलं, की तू खरंच वाजवणार का. म्हटलं, मग काय नुसता धरून उभी राहू? ती बराच वेळ खोकली. सर्दी असावी.

६ जानेवारी
खरेदी. धोरण: काटकसर. दुकानदाराने सुचवलं की आधी तीन महिने भाड्याने न्या, जमलं तर बघू. "जमलं तर" हे मला आवडलं नाही. मग त्याने एक वापरलेला दाखवला. कंपनी चांगली, वरची तिन्ही बटणं लोण्यासारखी खाली जात होती. पण अंगावर दोन पोचे. पोचे आलेलं भांडं मी स्वयंपाकघरातसुद्धा ठेवत नाही. त्याच पैशांत नवा कोरा, चकचकीत मिळाला. वर पिशवी आणि पांढरे हातमोजे. बटणांसाठी तेलाची बाटलीही पुढे केली होती. घेतली नाही. कॉलेजात तीन वर्षांत एक थेंब तेल लागलं नव्हतं. ह्या लोकांना काहीतरी गळ्यात मारायचंच असतं.

७ जानेवारी, सकाळी
पहिला सूर. हे धावत स्वयंपाकघरात गेले आणि कुकरखालचा गॅस बंद करून आले. कुकर लावलेलाच नव्हता.

१२ जानेवारी
वाद्य सदोष. मधलं बटण खाली जातं ते वर येत नाही. शिवाय दहा मिनिटांत नळीतून पाणी ठिबकतं. दुकानदार म्हणे, बाई, ते तुमच्याच श्वासाचं पाणी, वाजवणाऱ्या सगळ्यांचंच गळतं. माझं गळत नव्हतं. तीन वर्षं युनिफॉर्मवर एक डाग नाही. तेल घेतलं, पण नाराजी स्पष्ट शब्दांत सांगून.

१५ जानेवारी
ओठांवर गोल वळ उठला आहे. सुनेने विचारलं, आई, बाटलीत तोंड अडकलं होतं का. कॉलेजात असा वळ एकदाही उठला नाही. अर्थ उघड आहे: हल्लीची माउथपीस, म्हणजे ओठांना लावायची ती सुटी तोटी, निकृष्ट. दुसरं आणलं, स्वस्तातलंच. यापुढे एक पैसा खर्च करणार नाही.

१९ जानेवारी
म्यूट आणला. ट्रम्पेटच्या तोंडात बसवला की आवाज दबतो. ही खरेदी नव्हे, शेजारधर्म. सून घरून काम करते; तिच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं की घरी कुणी आजारी आहे का. आज म्यूट लावून वाजवलं. साहेबांनी हळहळ व्यक्त केली म्हणे, की फारच क्षीण झालेले दिसतात.

२८ जानेवारी
रोज एक तास सराव, हा निश्चय. आज पंधरा मिनिटं, ओठांमुळे. काल पाहुणे होते. परवा सगळा वेळ ट्रम्पेट पुसण्यात गेला, पण तोही सरावच.

३ फेब्रुवारी
मी आंघोळीला गेल्याचं बघून ह्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावला आणि एक स्वच्छ, लांब सूर काढला. ज्या माणसाला साधी शिट्टी वाजवता येत नाही. विचारलं तर म्हणे, काही नाही, आत कचरा अडकलाय का बघत होतो. म्हणजे माझ्या सरावाने वाद्य चांगलं मोकळं झालं आहे.

१० फेब्रुवारी
मार्च बसला. मधली चढण सोडून. शेवटही सोडून. सून म्हणाली, ओळखीचं वाटतंय, खाली टेम्पो मागे घेतात तेव्हा ऐकलंय.

१५ फेब्रुवारी
तालीम. सर खुर्चीत बसले. मी पहिल्या रांगेत, मध्यभागी. म्यूट काढला आणि छाती भरून फुंकलं. सरांनी हात वर केला. सगळे थांबले. सरांनी मला विचारलं, बाळ, तुला फुंकायला कुणी सांगितलं?

चहाच्या वेळी क्लॅरिनेटवालीने बाजूला घेतलं. तिचं म्हणणं असं: पहिल्या वर्षी दोन आठवडे माझं वाजवणं ऐकून सरांनी मला सांगितलं होतं, की तू ताठ चालतेस, तुझ्यामुळे रांग सरळ राहते, तेव्हा पुढे तूच, ट्रम्पेट ओठांना लाव, गाल फुगव, पण फुंकू नकोस. तीन वर्षं मी नुसते गाल फुगवले. सगळ्या बँडला ठाऊक होतं.

असं काही झाल्याची माझ्याकडे नोंद नाही.

१६ फेब्रुवारी
दिवसभर आठवून पाहिलं. तेल नाही. पाणी नाही. वळ नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हसले असते तर भांडता आलं असतं. हसले नाहीत. एवढंच विचारलं, की मग २२ तारखेची साडी इस्त्रीला टाकू की नको.

१७ फेब्रुवारी
टाकायला सांगितली.

१८ फेब्रुवारी
सरांना फोन केला. म्हटलं, येते, ताठ उभी राहते, पण या वयात गाल फुगवणार नाही. सर म्हणाले, गालांचं तू बघ. तेव्हा सांगितलेलं ऐकायचीस, आता तुझा भरवसा नाही. एक अट घातली. मान्य केली.

२२ फेब्रुवारी
कार्यक्रम उत्तम झाला. पहिली रांग, मधली जागा: माझी. रांग सरळ होती, फोटोत दिसते. टाळ्या वाजवायला हे सगळ्यांत आधी उठले.

अटीप्रमाणे मार्च सुरू होण्यापूर्वी सरांच्या ताब्यात दिलं: माउथपीस, एक. ते त्यांनी कोटाच्या खिशात टाकलं आणि विचारलं, पर्समध्ये दुसरं आहे का. होतं. तेही दिलं.

एकूण: फक्त माउथपीस. बाकी काही नाही.