सारवलेली भिंत

आश्विन वद्य तृतीया, शके १८७१

रा. रा. शिंत्रे साहेब, हिवताप इन्स्पेक्टर, यांसी नाथाजी बाबाजी यादव याचा कृतानेक नमस्कार.

गेल्या वर्षी श्रावणात आपण आमच्या घरात डासांचे औषध फवारले आणि बजावले, "आबा, तीन महिने भिंत सारवू नका. औषध झाकलं की त्याचा उपयोग नाही." मी शब्द दिला होता.

दसऱ्याला पाहुणे यायचे होते आणि भिंतीवर औषधाचे पांढरे डाग दिसत होते. मी सुनेला, शालूबाईला, सारवायला सांगितले. ती म्हणाली, "आवं मामंजी, सायबांनी नगं म्हटलंय न्हवं?"

मी म्हणालो, "पावन्यांत नाक तुज्या सायबाचं जानार हाय का माजं?"

तिने भिंतीवर शेणामातीचा हात फिरवला. कार्तिकात तिला हिवताप झाला. ती सात महिन्यांची गरोदर होती. आठव्या दिवशी पोटातल्या जिवासह गेली.

पुढे चावडीत मी सर्वांसमक्ष म्हणालो, "त्या औषधात काय बी राम न्हाई. फवारून बी माजी सून गेली." सारवल्याचे बोललो नाही. यंदा आपण आलात, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून गावाने दारे लावून घेतली. काल शेजारच्या जोतिबाच्या सुनेला हुडहुडी भरली. तिलाही सातवा महिना आहे.

यंदा दसऱ्याला मी भिंत सारवू दिली नाही. सुनेच्या दुःखाने, असे लोक समजतात. मीही हो म्हणून मान हलवतो.

टपालपेटी चावडीशेजारीच आहे. याआधी असेच पत्र घेऊन दोनदा तिथवर गेलो आणि परत आलो.

आपला विश्वासू, असे लिहवत नाही.

नाथाजी बाबाजी यादव